आइसक्रीम वेलीच्या बिया डोंगरावर टाकू नका

"आइसक्रीम वेल लावा. चोवीस तास ऑक्सिजन देते, मधमाश्या जगवते, पाणी मागत नाही. बियांचे गोळे करून उजाड डोंगरावर टाका, दोन वर्षांत डोंगर हिरवागार! नको झाली तर उपटून टाका." हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. परवा आत्याचा फोन आला. सोसायटीतल्या मुलांना घेऊन तिने पिशवीभर बिया गोळा केल्यात, पाऊस लागला की टेकडीवर जाणार. आता गप्प बसणं शक्य नाही.

ऑक्सिजनचं लगेच उरकते. रात्री उजेड नसतो, मग प्रकाशसंश्लेषण कुठून होणार? पिंपळाच्या आणि तुळशीच्या नावानेही हेच खपवून झालंय.

मधमाश्यांचं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. गुलाबी तुरे आले की सातेरी आणि फुलोरी माश्यांची झुंबड असते. पण ज्या करंज-बोरीवर माश्या एरवी जगतात, त्यांच्याच डोक्यावर ही वेल चढून बसली तर ती झाडं फुलणार कशी?

खरा संताप येतो तो 'उजाड डोंगर' वाचून. मे महिन्यात पिवळा दिसतो म्हणून डोंगर उजाड ठरतो का? तिथे कुसळी, पवन्या ही गवतं आहेत, त्या गवतात जमिनीवर घरटं करणारा चंडोल आहे, माळावर फिरणारा लांडगा आहे. पावसात कंदातून वर येणाऱ्या खर्चुडी या रानफुलाच्या काही जाती तर महाराष्ट्राबाहेर सापडतही नाहीत. या साऱ्यांना उघडं ऊन लागतं, आणि ही मेक्सिकोची वेल नेमकं तेच अडवते. सेंट युस्टेशियस हे कॅरिबियन समुद्रातलं जेमतेम 21 चौरस किलोमीटरचं बेट. तिथे ती बागेची शोभा म्हणून आली आणि पडीक शेतं, कुरणं, रस्त्यांच्या कडा गिळत सुटली. जिथे ती माजली तिथे स्थानिक वनस्पतींची विविधता घटल्याचं संशोधकांनी नोंदवलंय. आपण मात्र तीच मुलांच्या हातांनी पेरायला निघालोय!

आणि म्हणे उपटून टाका. आमच्या मागच्या भिंतीवरची वेल माळीकाकांनी बुडापासून छाटली होती. पावसाळ्यात पुन्हा धुमारे आले. खणलं तर खाली रताळ्यासारख्या गाठींची माळ. ओढली की तुटते, आणि राहिलेल्या गाठीतून पुन्हा कोंब फुटतो. उन्हाळ्यात वरचा भाग वाळला तरी खालची गाठ जिवंतच असते.

वेलच लावायची असेल तर कुंपणाला वाघाटी लावा, शतावरी लावा, मोरवेल लावा. वाघाटीच्या पानांवर ग्रेट ऑरेंज टिप फुलपाखराच्या अळ्या पोसतात, आणि आषाढी एकादशीचा उपास सोडताना हिच्याच फळांची भाजी लागते.

आइसक्रीम वेलीच्या बिया गोळा करून ठेवल्याच असतील तर जाळून टाका. ओढ्यात तर मुळीच सोडू नका. तिची फळं पाण्यावर तरंगतात आणि वाहत जाऊन खालच्या काठाला रुजतात.