गणपतीला ईव्ही कोकणात न्यायची नाही म्हणे! का बरं?

गणपती जवळ आले की व्हॉट्सॅपवर तो मेसेज फिरायला लागतोच, 'सावधान, ईव्ही घेऊन कोकणात जाऊ नका'. का तर म्हणे घाटात अर्धी बॅटरी जाते, पावसात चार्जिंग करताना शॉक बसतो, ट्रॅफिकमध्ये अडकलात की एसी सगळी बॅटरी खातो, आणि एवढं ऐकूनही जायचंच असेल तर प्रत्येक स्टॉपला 100 टक्के चार्ज करा आणि गावी पोचलात की घरच्या प्लगला लावा, झालं. यातलं घाबरवणारं जे आहे ते बहुतेक फुसकं आहे, आणि शेवटी जे सहज सांगून टाकलंय ना, घरच्या प्लगचं, खरी गोची तिथे होते.

घाटाचं आधी बघू. पुण्याहून कोल्हापूर, आजरा, आंबोली करत सावंतवाडीला जाताना घाट उतरायचा असतो हो! उतारावर मोटर उलटी वीज बनवून बॅटरीत टाकते, यालाच रिजेन म्हणतात, ते चालू ठेवा, ब्रेकपण कमी तापतात. चढ लागतो परतताना. चार माणसं आणि डिकीतले नारळ पकडून गाडी 1900 किलोची धरा, ती 600 मीटर वर न्यायला फिजिक्सच्या हिशोबाने 3 युनिटच्या जरा वर लागतात, लॉस धरून चार म्हणा, अधिक तीसेक किमी चालायचे नेहमीचे चार-पाच. 40 युनिटच्या बॅटरीत हे 20 टक्क्यांच्या आसपास झालं, अर्धी कुठून आली? खरी बॅटरी खातो तो सपाट हायवे आणि आपला उजवा पाय, कारण हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो, 80 वरून 100 ला गेलात की तो दीडपटीच्या वर जातो. कागदावर 437 किमी लिहिलेल्या 40.5 युनिटच्या गाडीला हायवेवर अडीचशेच्या आसपास धरूनच प्लॅन करायचा, आणि पुणे-कोल्हापूरच 230 आहे, म्हणजे सातारा-कराडकडे एक चहाचा थांबा आलाच.

पावसात शॉक? गन, म्हणजे चार्जरच्या वायरीचं तोंड, गाडीला लावली की लगेच करंट येत नाही. आधी गाडी आणि चार्जर एकमेकांशी बोलतात, लॉक बसतं, इन्सुलेशन तपासलं जातं, मगच सप्लाय सुरू होतो, आणि मध्ये लीकेज दिसलं की बंद. गन लावायच्या आधी पिनांवरचं पाणी झटका, वायर फाटलेली किंवा चार्जर पाण्यात उभा असेल तर पुढचा शोधा. हां, बॅटरी आयपी67, म्हणजे पाणी आत न शिरणारी, आहे म्हणून ओसंडून वाहणाऱ्या पुलावर गाडी घालायचा शहाणपणा करू नका, तिथे पेट्रोलवालापण वाहूनच जातो.

ट्रॅफिकमध्ये एसी सगळी बॅटरी खातो, हेपण फुसकंच. उभ्या गाडीत एसी तासाला एक-दीड युनिट घेतो, चार तास अडकलात तरी चार ते सहा युनिट.

आणि प्रत्येक स्टॉपला 100 टक्के करणाऱ्यांना एकच विनंती, मागे लाईनीत लोक उभे असतात. फास्ट चार्जरवर 80 च्या पुढे स्पीड इतका पडतो की शेवटच्या 20 टक्क्यांत आख्खं जेवण होतं. घरून निघताना 100 करा, रस्त्यात 80 ला काढा. कोल्हापूर-निपाणी सोडलं की चार्जर विरळ होतात, तिथे मात्र 90 पर्यंत नेलं तर चालेल. आंबोलीत वर पोचून फुल करण्यात तर काहीच पॉइंट नाही, भरलेल्या बॅटरीत रिजेनला जागाच नसते, आख्खा घाट नुसत्या ब्रेकवर उतरावा लागेल.

आता घरचा प्लग. गाडीसोबतच्या पोर्टेबल चार्जरला 15 अँपिअरचं सॉकेट लागतं, तासाला तीनेक युनिट, म्हणजे रात्रभरात मस्त काम होतं. पण गावच्या जुन्या घरात सॉकेटला तिसरं भोक असतं, त्याच्यामागे अर्थिंगची वायर असेलच असं नाही, आणि असली तरी सड्यावरच्या जांभ्यात ती नीट लागत नाही. चार्जर लाल दिवा दाखवून गप्प बसतो. मग कोणीतरी हुशार भाऊजी न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो, चार्जर फसतो, गाडी चार्ज होते, आणि कधी न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यात करंट. हे अजिबात करू नका, बाप्पाची शप्पथ. निघायच्या आठवडाभर आधी काकांना फोन करून वायरमन बोलवा, अर्थिंग तपासून घ्या, जाड वायरीचा वेगळा 15 अँपिअर पॉइंट पडवीत काढून घ्या. मंडपाच्या लाईटिंगची एक्स्टेन्शन बोर्डं यासाठी नाहीत, तासन् तास 13-14 अँपिअर ओढल्यावर ती वितळतात. आणि संध्याकाळी आख्खी वाडी मुंबईहून आलेली असते, व्होल्टेज पडतं, त्यामुळे चार्जिंग रात्री अकरानंतर लावा. झाड तारांवर पडून दिवसभर लाईट नसणं तर पावसाळ्यात नेहमीचंच, म्हणून गावात शिरताना बॅटरीत 35-40 टक्के हवेतच.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट, प्रत्येक चार्जर कंपनीचं ॲप वेगळं, वॉलेट वेगळं. दोन-तीन ॲप घरीच टाकून पैसे भरून ठेवा, कारण ओटीपी यायला रेंज लागते आणि घाटात ती नसते. चार्जरवर जायच्या आधी प्लगशेअरवर, म्हणजे लोक चार्जरबद्दल लिहितात त्या ॲपवर, शेवटची कमेंट कधीची आहे ते बघा, दोन महिने कोणी काहीच लिहिलं नसेल तर त्या चार्जरच्या भरवशावर आजऱ्याच्या पुढे जाऊ नका.