अडुळसा, बकऱ्याची श्वासनळी आणि वैद्यकाकांचा राग

वैद्यकाका, नमस्कार.

अडुळशानं दम्यात श्वासनळी सैल होते का, ते बकऱ्याच्या श्वासनळीवर तपासायला हवं, असं मी लेखात लिहिलं. त्यावर ‘पिढ्यान्‌पिढ्या खोकला घालवणाऱ्या अडुळशाला आता बकऱ्याच्या श्वासनळीचं सर्टिफिकेट लागणार का? आणि झाडपाल्याला अपाय कसला?’ असं तुम्ही चिडून विचारलंत. वर ‘वासायां विद्यमानायां’ हा ‘अडुळसा असताना रोग्यानं खचायचं कशाला’ असं सांगणारा श्लोकही ऐकवलात. श्लोक मलाही पाठ आहे. आजी पानं तव्यावर गरम करून रस पिळायची, मधातून चाटवायची. नाशिकच्या थंडीतलं आमचं लहानपण त्यावरच निघालं.

पण श्लोकात आहेत रक्तपित्त (म्हणजे रक्त पडणं), क्षय आणि कास (म्हणजे खोकला). माझा लेख होता दम्यावर. कफ पातळ होणं वेगळं आणि आवळलेली श्वासनळी सैल होणं वेगळं. कफाबद्दल वादच नाही. अडुळशातल्या वासिसिन या द्रव्यावरूनच १९६०च्या दशकात ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध आलं, आजही ते खोकल्याच्या बाटलीवर वाचायला मिळेल. श्वासनळीचं मात्र स्नायूलाच विचारावं लागतं.

खाटीक एरवी फेकून देतो ती नळी सकाळीच बर्फातून आणायची. तिच्या कड्या कापून दोऱ्यानं साखळी बांधायची, ३७ अंशांच्या क्षारद्रावणात टांगायची, खालून ऑक्सिजनचे बुडबुडे. हिस्टामिन घातलं की स्नायू आवळतो, कागदावर त्याची रेघ चढते; सैल झाला की उतरते. मग अर्क. (जिवंतपणी बकरं या पाल्याला तोंड लावत नाही, म्हणून तर लोक त्याचं कुंपण करतात.)

विद्यार्थी असताना आमच्या गटानं अर्क घातला आणि रेघ सर्रकन खाली आली. पेढे कुठून आणायचे इथवर गोष्ट गेली. सरांनी न बोलता नवी साखळी लावली आणि आम्ही ज्यात पानं भिजवली होती ते नुसतं अल्कोहोल तेवढंच घातलं. रेघ तितकीच खाली! शेजारच्या गटाची कथा आणखी वाईट. त्यांनी स्नायू धुऊन पुन्हा हिस्टामिन दिलं, तर तो हललाच नाही. मेलेला स्नायूही सैलच दिसतो, काका.

अपायाचं म्हणाल, तर हेच वासिसिन गर्भाशयाचा स्नायू आवळतं. म्हणून गरोदर बाईला अडुळसा घरच्या घरी देऊ नये, हे तुम्हीही सांगत असाल. आणि दम्याचा पंप बंद करून काढ्यावर राहणं तर मला भीतीदायकच वाटतं.

तुमचा एक टोला मात्र बरोबर बसला: अल्कोहोलातला अर्क घरी कोण पितं? खरंय. म्हणून यावेळी पुटपाकानं, म्हणजे पानांचा गोळा गुंडाळून भाजून, रस तुम्ही काढा, तुमच्याच अंगणातल्या पानांचा. पानांच्या रसात पोटॅशियम असतं आणि तेही स्नायू आवळतं, तेव्हा तितकंच पोटॅशियम असलेलं साधं पाणी मी दुसऱ्या बाटलीत भरेन. दोन्ही बाटल्यांना काळा कागद गुंडाळू. कुठल्या बाटलीत काय आहे, ते रेघ मोजणाऱ्या मुलांना तुम्हीही सांगायचं नाही, मीही नाही.