"आणि रात्री काय?" पुरे झालं आता!

सौरऊर्जेचा विषय निघाला रे निघाला, की कुणीतरी विचारतंच, "आणि रात्री काय?" अहो, बॅटऱ्या आहेत, वारा आहे, पाणी वर चढवून वीज साठवणारी धरणं आहेत! किती वेळा सांगायचं?

दुसरीकडे सहारा वाळवंटात सौर पॅनेल अंथरून जग उजळवणारे. तासा-दीड तासात पृथ्वीवर पडणारं ऊन जगाला वर्षभर पुरेल, हे खरंच. पण ती वीज घरोघरी नेणाऱ्या वाहिन्या कुठायत? जगाच्या अंतिम ऊर्जावापरात, म्हणजे घरं, कारखाने, वाहनं प्रत्यक्ष वापरतात त्या ऊर्जेत, विजेचा वाटाच जेमतेम 20 टक्के. पोलादाच्या भट्ट्या, सिमेंट, जहाजं, विमानं कशावर चालवणार? हे मात्र कुणी विचारत नाही! 2010 ते 2020 दरम्यान पॅनेल सुमारे 90 टक्क्यांनी स्वस्त झाली. म्हणजे अडलंय ते किमतीपाशी नाही, तर तारा आणि साठवणूक पुरेशी उभारण्यापाशी. भांडायचंच तर त्यावर भांडा ना!