म्हणे 'थोडं लीक असतंच, ताई'

घरी सोडा करायला एक वापरलेलं स्टीलचं पिंप घेतलंय. त्याच्या सिलिंडरमध्ये बुधवारी संध्याकाळी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून २ किलो कार्बन डायऑक्साइड गॅस भरून आणला. रविवारी सकाळी सिलिंडर रिकामा! मधल्या चार दिवसांत पिंपातून एक ग्लाससुद्धा सोडा काढला नव्हता. पाण्यात मुरला असेल म्हणाल, तर १९ लिटरच्या पिंपात चरचरीत सोडा व्हायला साधारण १५० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पुरतो. बाकीचा सगळा आमच्या पाचपाखाडीच्या बाल्कनीतून हवेत गेला.

आणि त्या रविवारी आईची पंच्याहत्तरी होती. पन्नास माणसं जेवायला. मालवणहून मागवलेलं कोकम आगळ, आल्याचा रस, लिंबं, सगळं तयार. फक्त सोड्याच्या जागी गार पाणी. नळी दाबली तर दोन ग्लास फुसफुसत आले आणि मग धारही थांबली. रविवारी सकाळी गॅस भरून देणारं कोण उघडं असतं? शेवटी कोपऱ्यावरून सोड्याच्या बाटल्या आणल्या.

ज्याच्याकडून हे वापरलेलं स्टीलचं पिंप घेतलं त्याला सोमवारी फोन केला. शांतपणे म्हणाला, "थोडं लीक असतंच, ताई. रात्री सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करत जा." अहो, असतंच म्हणजे काय? ही पिंपं कोल्ड्रिंकचं सिरप भरून गावोगाव पाठवायला बनवली होती. आदळत-आपटत फिरायची. दाब धरणं हेच त्यांचं काम. स्वयंपाकाचा गॅस "थोडा लीक" असता तर हाच माणूस मध्यरात्री एजन्सीला फोन लावून बसला असता. त्या गॅसला मुद्दाम घाण वास घालतात म्हणून लोक घाबरतात. कार्बन डायऑक्साइडला ना वास ना रंग, शिवाय हवेपेक्षा जड. बाल्कनीत होता म्हणून नुसते पैसे गेले. खिडक्या लावलेल्या छोट्या खोलीत एवढा गॅस एकदम सुटला तर जीवावर बेतू शकतं.

"काटा बघत नव्हता का?" हेही त्याच्याकडून ऐकून घेतलं. म्हणजे रेग्युलेटरवरचा, सिलिंडरचा दाब दाखवणारा मोठा काटा. रोज बघत होते! सिलिंडरमध्ये हा गॅस द्रवरूपात असतो. द्रवाचा शेवटचा थेंब असेपर्यंत मोठ्या काट्यावरचा दाब हलत नाही, तो फक्त तापमानाप्रमाणे वरखाली होतो. शनिवारपर्यंत काटा जिथल्या तिथे होता आणि मग एकदम शून्यावर आला. गॅस किती उरला ते फक्त वजन सांगतं. रिकामं वजन सिलिंडरच्या मानेवर कोरलेलंच असतं, ते आताच्या वजनातून वजा करायचं. ही एक ओळ विकताना सांगायला काय जातं?

मग प्लंबर आला. त्याने पिशवीतून टेफ्लॉन टेप काढली आणि रेग्युलेटर जिथे सिलिंडरला बसतो तिथे सात-आठ वेढे गुंडाळले. काका, तो सांधा आट्यांवर गॅस धरतच नाही! आत एक चपटा वायसर असतो, तो दाबला गेला की गॅस अडतो. टेप गुंडाळल्याने नट नीट बसत नाही, वायसर पुरता दाबला जात नाही, आणि उलट तिथूनही गळायला लागतं. सांगितलं तर म्हणे, "वीस वर्षं हेच करतोय." मी टेप सोलून काढली, वायसर बदलला, पान्याने घट्ट केला.

शेवटी मीच बसले. भांडी घासायचा लिक्विड साबण पाण्यात कालवला, जुन्या स्प्रेच्या बाटलीत भरला, भाच्याकडून दुसरा छोटा सिलिंडर आणला आणि दाब ३० पीएसआयवर ठेवला. पाणी मारायचं आणि प्रत्येक जागी मिनिटभर डोळे लावून बघायचं. झाकणाची मोठी रिंग? फेस नाही. झाकणावरचा दाब सोडायचा व्हॉल्व्ह? काही नाही. नळीचा क्लॅम्प ठीक. गॅसच्या तोटीवर करडी जोडणी बसते, तिच्या खालून मात्र बारीक फेस येत होता. दुधावर येतो तसा, हळूहळू, न थांबता.

जोडणी काढली तर फेस बंद. पुन्हा लावली की सुरू.

तेव्हा कळलं की विकणाऱ्याने काय केलं होतं. "दोन दिवस दाब भरून ठेवलं होतं, हललं नाही," असं तो छातीठोकपणे सांगत होता. खरं असेलही. जोडणी काढली की तोटीच्या आतली स्प्रिंगची खुंटी भोक बंद करते. तोटीच्या बाहेरची रिंग कामाला येते ती जोडणी लावल्यावरच. म्हणजे त्याने पिंप अशा अवस्थेत तपासलं, ज्या अवस्थेत मी ते कधी वापरणारच नव्हते. सोडा मुरायला गॅस दिवसचे दिवस जोडलेलाच राहतो. आणि मला सल्ला काय, व्हॉल्व्ह बंद करा! बंद केला तर गळणं लपतं, थांबत नाही. उलट त्याच फटीतून सोड्यातला मुरलेला गॅसही परत निघून जातो. सिलिंडर रिकामा झाल्यावर तेच झालं, म्हणून तर रविवारी गार पाणी मिळालं.

रिंग काढून उजेडात धरली. नखाएवढी चीर. रबर कडक, काळं, आणि त्याला अजून जुन्या कोल्ड्रिंकचा वास. किती वर्षांची असेल कोण जाणे. नव्या रिंगांचा अख्खा संच, झाकणाची मोठी, दोन्ही तोट्यांच्या बाहेरच्या, आतल्या नळ्यांच्या छोट्या, मिळून एका सिलिंडर भरण्याच्या खर्चाहून कमीत आला. वापरलेलं पिंप विकताना आधी हेच बदलायचं असतं!

नौपाड्यातल्या हार्डवेअरवाल्याने तर नळाची वायसर हातात ठेवून "बसेल, बसेल" म्हटलं. बसली नाही. वर व्हॅसलिन चोपडायला सांगत होता. काही रबरं त्याने फुगतात, आणि आपण ते पिणार आहोत. खाण्याच्या दर्जाचं सिलिकॉन ग्रीस मिळतं, ते अगदी बोटाच्या टोकाएवढंच लागतं.

नव्या रिंगा घातल्याला आज नऊ दिवस झाले. सिलिंडर रोज वजन करते. सोडा मुरेपर्यंत जेवढा उतरायचा तेवढा उतरला, त्यानंतर वजनाचा काटा ग्रॅमभर हललेला नाही.

भाच्यालाही असंच एक पिंप घ्यायचंय. त्याला बजावलंय: त्या माणसासमोर जोडणी लावायची, दाब भरायचा, साबणाचं पाणी मारायचं, आणि फेस येत नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय खिशातून एक रुपया काढायचा नाही.