टॅक्सीवाल्यांची बँक होती ती

मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेतल्या घोटाळ्यावर आलेला लेख वाचला. त्यात बँकेची गोष्ट थेट फेब्रुवारी २०२५ पासून सुरू होते: १२२ कोटींच्या अपहाराचा आरोप, रिझर्व्ह बँकेचे निर्बंध, मग ऑगस्टमध्ये सारस्वत बँकेत विलीनीकरण. ठेवीदारांचे पैसे वाचले, हे उत्तमच. पण आधीची सत्तावन्न वर्षं कुठे गेली?

१९६८ साली कामगार नेते जॉर्ज फर्नांडिस यांनी ही बँक काढली, तेव्हा तिचं नाव बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक होतं. आदल्याच वर्षी लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचे बडे नेते स. का. पाटलांना दक्षिण मुंबईत पाडून जॉर्ज दिल्लीला गेले होते, पण त्यांचा खरा पाया इथल्या टॅक्सीवाल्यांच्या आणि पालिका कामगारांच्या युनियनमध्ये होता. बँकांचं राष्ट्रीयीकरण व्हायला अजून वर्ष होतं. बड्या बँका उद्योगपतींच्या. टॅक्सीवाल्याला कर्ज कोण देणार? त्याला सावकाराचाच उंबरठा. संप करणारा पुढारी बँकही काढतो, हे त्या काळी पुष्कळांना पचलं नसेल!

घोटाळ्यावर रकानेच्या रकाने भरले गेलेत. कामगारांच्या या बँकेत कामगारांचा आवाज कधी आणि कसा क्षीण होत गेला, यावर लेखकाने दुसरा भाग जरूर लिहावा.