जरा सरका, ग्रह भरलाय

मुंबईकराच्या हाती साम्राज्य देऊ नये असं माझं ठाम मत आहे. तिघांच्या बाकावर चौथा बसतोच, हे बाळकडू मिळालेल्या माणसाला ‘ग्रह भरला’ म्हणजे काय ते कळतच नाही. तो म्हणणार, जरा सरका. ‘मास्टर ऑफ ओरायन २’ हा ग्रहामागून ग्रह वसवत अंतराळात साम्राज्य उभारायचा, १९९६चा संगणकावरचा खेळ मात्र सरकत नाही. ग्रहावर कमाल बारा डोकी लिहिली असतील तर बाराच.

त्यातून वाढीचं गणित आपल्या अनुभवाच्या अगदी उलट. ग्रहावर एकदोन डोकी असताना वस्ती रडतखडत वाढते, निम्मा ग्रह भरला की जोरात, आणि मग मंदावत मंदावत भरल्या ग्रहावर शून्य. म्हणून मूळ ग्रह गच्च भरून अभिमानाने बघत बसणं हा नवख्याचा पहिला गुन्हा. अर्ध्याच्या पुढे गेला की एकेक डोकं उचलावं आणि नव्या कॉलनीवर टाकावं. इकडची जागा पुन्हा भरते, तिकडची वस्ती वेग धरते.

पण माणूस हलवणं स्वस्त नाही. एका डोक्याला पाच फ्रेटर, म्हणजे मालवाहू जहाजं, लागतात, आणि एवढ्याच पाच फ्रेटरमधून एरवी पाच डोक्यांचं धान्य जातं. म्हणजे दोन माणसं हौसेने पाठवली की दहा फ्रेटर अडकले, आणि तिकडे नापीक ग्रहावरचे खाणकामगार उपाशी. आम्हाला पाच डब्यांत एक माणूस बसवायची कल्पनाच करवत नाही, त्यामुळे ही चूक दर खेळात होते. उपाय सोपा आहे: लागतात त्यापेक्षा पाच-दहा फ्रेटर जास्तीचे ठेवावेत. उभे असतात तोवर त्यांचा खर्च नाही. चालू असताना दर टर्नला, म्हणजे खेळाच्या प्रत्येक फेरीला, प्रत्येकी अर्धा बीसी. बीसी म्हणजे तिथलं चलन.

जेवणाचा हिशेब साधाच. बऱ्या ग्रहावरचा एक शेतकरी दोन धान्य पिकवतो, एक स्वतः खातो, म्हणजे आणखी एकालाच पोसतो. वाळवंटी किंवा टुंड्रा ग्रहावर तो एकच पिकवतो आणि तोच खातो. असा शेतकरी ठेवण्यापेक्षा त्याला कारखान्यात पाठवावं. धान्य पिकवून विकू म्हणणाऱ्यांसाठी: जादा धान्याला नगामागे अर्धा बीसी मिळतो. तोच माणूस मध्यम खनिजांच्या ग्रहावर तीन उत्पादन काढतो, आणि ‘ट्रेड गुड्स’ (उत्पादनाचा थेट पैसा करणं) लावलं तर दोन उत्पादनाला एक बीसी, म्हणजे दीड सुटतो. ग्राहक मंचात जायची गरज नाही.

आता कर. पन्नास टक्क्यांपर्यंत लावता येतो, आणि इथे आपला माणूस हमखास फसतो. कर वाढवला तर आझाद मैदान भरेल, या भीतीने तो दहा टक्क्यांवर हात थरथरवत बसतो. कुणी येत नाही. घोषणा नाहीत, काळे झेंडे नाहीत. कर कापला जातो तो कारखान्याच्या उत्पादनातून, म्हणून लोक गप्प राहतात आणि बांधकामं रखडतात. सहा टर्नमध्ये होणारी प्रयोगशाळा दहावर गेली की समजावं. आपल्या पगारातून दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे असा वर्षाला अडीच हजार व्यवसाय कर जातो, तेव्हा निदान गल्लीतलं बांधकाम आपल्याला दिसतं तरी कुठे!

खरी कमाई आहे डोईपट्टीत. दर डोक्यामागे दर टर्नला एक बीसी, कर शून्य असला तरी. म्हणून करखातं आणि लोकसंख्या खातं ही दोन खाती मुळात एकच. ‘स्पेसपोर्ट’ त्या ग्रहाचं उत्पन्न दीडपट करतो, ‘प्लॅनेटरी स्टॉक एक्सचेंज’ त्यात शंभर टक्के भर घालतो. दलाल स्ट्रीट पाहिलेल्याला हे समजावून द्यावं लागत नाही, तरी तो उत्साहाच्या भरात दोन डोक्यांच्या ग्रहावर स्टॉक एक्सचेंज बांधतो आणि देखभालीच्या खर्चाने कंगाल होतो. आधी डोकी, मग शेअर बाजार.

‘हाऊसिंग’ नावाचा एक पर्याय आहे. तो लावला की सगळं उत्पादन घरांत जातं आणि माणसं वाढतात. घर आधी, माणूस नंतर! ही कल्पना इथे कुणाला सुचली असती तर कुणी हसून उडवली असती.

पैसे टाकून इमारत पूर्ण करून घेता येते. सुरुवातीला विकत घ्याल तर उरलेल्या प्रत्येक उत्पादनाला चार बीसी, निम्मं काम झाल्यावर दोन. काम पुढे सरकतं तसा भाव उतरतो, हे वाचून पहिल्यांदा खेळणारे मुंबईकर खेळात बिघाड असल्याची तक्रार करतात. तो बिघाड नाही. थांबा, निम्मं होऊ द्या, मग घ्या.

आणि जहाजांचा शौक आवरा. कमांड पॉइंट, म्हणजे जहाजं बाळगायची मर्यादा, संपल्यावर प्रत्येक जादा पॉइंटला दर टर्नला दहा बीसी पडतात, म्हणजे दहा माणसांची डोईपट्टी एका पॉइंटमागे. तिजोरी उण्यात गेली की खेळ तुम्हाला न विचारता तुमच्या इमारती विकायला काढतो. पावती येते तेव्हा बघावं, नेमकं स्टॉक एक्सचेंज तर गेलं नाही ना.