प्लेगच्या लसीनेच माणसं मेली म्हणणाऱ्यांनी आधी बडोद्याजवळच्या उंडेऱ्याचं वाचा

दांडिया बाजारातल्या मामींनी नातवाचं गोवराचं इंजेक्शन पुढे ढकललं, नऊ महिने पूर्ण झालेत तरी. कारण हा फॉरवर्ड: "पूर्वी लस नव्हती, तपासणीवाले नव्हते, तरी लोक ठणठणीत होते. इंग्रजांनी प्लेगची लस आणली आणि माणसं लसीनेच मेली. प्लेगला कापूर पुरेसा होता." ग्रुपवर लोकांनी खाली हात पण जोडलेत, म्हणून लिहितोय.

ठणठणीत कोण होतं? सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला पुण्यात प्लेगनेच गेल्या, रोग्यांची सेवा करता करता. आणि कापराचं म्हणाल तर प्लेग उंदरांच्या पिसवा चावून होतो, गळ्यात कापराची पुरचुंडी बांधून पिसू थांबत नाही.

आता ते "लसीनेच मेली". हे वाचून डोकंच फिरलं, कारण याचं उत्तर आपल्या बडोद्याच्या वेशीवर आहे. लस काढणारा हाफकिन मुळात इंग्रज नव्हताच, ओडेसाचा ज्यू, मुंबईत लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये पहिली स्वतःला टोचून घेतली. १८९८ च्या फेब्रुवारीत उंडेऱ्यात प्लेग चालू होता, हो, गोरव्यापुढचंच उंडेरा, तिथे त्याने प्रत्येक घरातल्या साधारण अर्ध्या माणसांना लस दिली, बाकीच्यांना नाही. मग घरोघर जाऊन मोजणी झाली. ज्या २८ घरांत नंतर प्लेग शिरला त्यात लस न घेतलेले ६४ जण होते, २७ आजारी पडले, २६ गेले. लस घेतलेले ७१ होते, त्यातले ८ आजारी पडले आणि ३ गेले. घर तेच, चूल तीच, उंदीर तेच. लसीने मारलं असतं तर हे आकडे उलटे नसते का आले?

एक मान्य करतो, तपासणीच्या नावाखाली पुण्यात इंग्रज प्लेग अधिकारी रँडच्या सोल्जरांनी घराघरात घुसून जे केलं ते जुलूमच होता, लोक बिथरले त्यात नवल नाही. आणि १९०२ मध्ये पंजाबात मलकोवालला लस टोचल्यावर १९ माणसं धनुर्वाताने गेली हेही खरं. पण ती सगळी एकाच बाटलीतली, त्या बाटलीत धनुर्वाताचे जंतू शिरले होते, दोष प्लेगच्या लसीचा नव्हता. हाफकिनवरचा ठपका पुसायला १९०७ उजाडलं, फॉरवर्डवाल्यांच्या लेखी अजून पुसलेला नाही.

मामी, बुधवारी सकाळी दहाला गाडी घेऊन येतो. बाळाचं ममता कार्ड, लसींच्या नोंदीचं, काढून ठेवा.